विषय: सिल्वाप्लानाला किती वाजता पोचावं?

नौपाड्याची काकू, ठाणे

नमस्कार मंडळी,

लेकीने मला तुमच्या मेलच्या यादीत घालून घेतलंय, म्हणून पहिल्यांदाच लिहितेय. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे झ्युरिकला येतोय. ह्यांना त्र्याहत्तरावं लागलंय, रक्तदाबाची गोळी चालू आहे. ह्यांची मागणी एकच: डोंगरातल्या तळ्याकाठी निवांत बसायचं. नोकरी होती तोवर तलावपाळीला एक फेरी मारल्याशिवाय हे गाडी पकडायला गेले नाहीत.

लेकीने सेंट मॉरिट्झजवळचं सिल्वाप्लानाचं तळं निवडलंय. सकाळी आठला निघायचं, रात्री परत. पण नातू सांगतो, तिथे माणसं पतंगाला लटकून पाण्यावरून धावतात. म्हणजे वारा केवढा असेल! शिवाय उंची १,७९१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही जास्त. ह्यांना झेपेल का? कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर कृपया कळवा.

झ्युरिकहून उत्तर

काकू, नमस्कार.

माझ्या आईबाबांना मी नेलं होतं, आणि नेमकी वेळ चुकवली होती. झ्युरिकहून कूरला गाडी बदलायची, तिथून आल्बुलाच्या डोंगरी रेल्वेने सेंट मॉरिट्झ, पुढे बस. साडेतीन तास तरी धराच. आठला निघालात तर तळ्यावर पोचाल साधारण बाराला, आणि वारा सुटतो तो त्याच सुमाराला. सकाळी ज्या पाण्यात डोंगर जसाच्या तसा दिसतो, त्यावर दुपारी पांढऱ्या लाटा असतात. बाबा टोपी धरून वीस मिनिटं बसले आणि म्हणाले, चल. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

याला मालोया वारा म्हणतात. आभाळ स्वच्छ असलं की तो हमखास येतो, त्यामुळे ‘उद्या ऊन आहे’ एवढं वाचून निर्धास्त होऊ नका. एरवी दिवसा वारा दरीतून वर चढतो. इथे मात्र तो वरच्या अंगाने, मालोया खिंडीकडून, खाली सेंट मॉरिट्झकडे वाहतो. कारण खिंडीपलीकडे बर्गेलची खोल दरी आहे. तिच्या तोंडाशी इटलीतलं कियावेना अवघ्या ३३३ मीटरवर, तर खिंड १,८१५ मीटरवर. सकाळच्या उन्हाने त्या दरीतली हवा तापून वर चढते, खिंडीशी पोचते, आणि अलीकडे अडवायला काहीच नसल्यामुळे सरळ तळ्यांवर उतरते. संध्याकाळी पुन्हा सगळं शांत.

म्हणून दोन रात्री तिथेच मुक्काम करा. आठ ते अकरा पाणी तुमचंच. सकाळी ऑगस्टमध्येही पारा दहा अंशांच्या खाली असतो, काकांना कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट हवंच, नुसता स्वेटर पुरत नाही. चालायचं असेल तर तळ्याच्या वरच्या टोकाच्या सिल्स मारिया गावाहून खालच्या टोकाच्या सुर्लेकडे या, वाट जवळपास सपाट आहे आणि वारा पाठीशी राहतो. उलट निघालात तर तोंडावर घ्यावा लागेल.

तळ्याची उंची बहुतेकांना बाधत नाही. पहिल्या दिवशी चालताना थोडी धाप लागेल, एवढंच. पण सुर्लेहून कोर्वाच डोंगरावर जाणारा केबलचा पाळणा ३,३०३ मीटरवर नेतो, तो मोह काकांसाठी टाळा. मधलं स्टेशन सुमारे २,७०० मीटरवर आहे, तिथवर जायचं तरी आधी डॉक्टरांना विचारा.

नौपाड्याची काकू, ठाणे

तुमची मेल ह्यांना दोनदा वाचून दाखवली.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. तुम्ही बर्गेलचं लिहिलंत आणि मला नाणेघाटच दिसला. मुरबाडकडून वैशाखऱ्याला जायचं, तिथून अंगावर येणारी चढण, आणि माथ्यावर पाऊल टाकलं की जुन्नरकडे सपाटी. कोकणातली हवा कड्याला भिडून वर येते ती इतक्या जोराने, की पावसाळ्यात धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं. मुलींच्या सहलीला दरवर्षी मी हेच दाखवायचे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला पठार; मालोया म्हणजे घाटमाथाच की!

मग नकाशा काढला. इथे माथ्यापलीकडची कुकडी घोड-भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते, आणि अलीकडचं पाणी काळू-उल्हासमधून आपल्या खाडीला. तुमच्याकडे मालोयाजवळ उगवलेली इन नदी डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात, आणि बर्गेलचं पाणी कोमो तळ्यातून पुढे एड्रियाटिकला. ह्यांना म्हटलं, आपण परक्या जागी चाललोच नाही आहोत. ह्यांनी लगेच विचारलं, तिकडेही माथ्यावर ढग लोळतात का? तुमच्या माहितीत असेल तर लिहा.

लेकीशी बोलणं झालं, दोन रात्रींची खोली तिने धरली आहे. सकाळी हे तळ्याकाठी, मी बरोबर थर्मासमध्ये चहा घेऊन. दुपारी नातवाला पतंगवाले दाखवायला लेक नेईल, तोवर आम्ही खोलीत. संध्याकाळी वारा पडला की पुन्हा खाली उतरू.

एक राहिलं. सुर्लेच्या वाटेवर बसायला बाक आहेत ना? ह्यांचा गुडघा अर्ध्या तासाने बोलायला लागतो.