मदत हवी आहे: इंग्रजीत ऑफ कुठे, फॉर कुठे, कसं शिकवायचं?

मंडळी, रावेरला दहावीच्या मराठी मिडियमच्या पोरांचं इंग्रजी घेतो, एका ठिकाणी गाडी अडतेय. केळीच्या भावावर पॅराग्राफ दिला की 'डिमांड ऑफ बनानाज', 'रिझन ऑफ लॉस' असंच लिहितात, आपला चा-ची-चे दिसला की ऑफ लावून मोकळे. खरं तर डिमांड फॉर, रिझन फॉर, पण कॉज मात्र ऑफ आणि सोल्युशनला टू. राइजचं अजून वेगळं, काय वाढलं त्याला इन, राइज इन प्राइस, आणि किती वाढलं त्याला ऑफ, राइज ऑफ 200 रुपीज. पोरं विचारतात सर नियम काय, आणि बरोबरच विचारतात. नुसत्या याद्या पाठ करून घेणं मला पटत नाही, परीक्षा झाली की सगळं साफ. कोणी वाक्यांतून सराव घेतलाय का? कसा घेता सांगा ना.