लक्षद्वीपवर 'आपला' कोण, हे ठरवायचं कुणी?

दक्षिणायन (धागाकर्ता)

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपचे फोटो आले आणि आपल्याकडे 'मालदीव सोडा, लक्षद्वीपला चला' सुरू झालं. जायचं कसं हे शोधताना अनेकांना पहिल्यांदाच कळलं की भारतीय नागरिकालाही तिथे जायला परवाना लागतो. मग राग आला. 'आपल्याच देशात परवाना कशाला?' हा प्रश्न तेव्हापासून अधूनमधून दिसतोच, म्हणून हा धागा.

आधी आकार डोळ्यांपुढे आणा. एकूण जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर, तीही ३६ बेटांत विखुरलेली. वस्ती दहाच बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. पिण्याचं पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर. जास्त उपसलं की विहीर खारी होते. इथे शंभर खोल्यांचं हॉटेल आलं तर त्याचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतूनच कमी होणार.

यासाठीच १९६४ च्या नियमावलीने अनुसूचित जमातीच्या माणसाची जमीन बाहेरच्याच्या हाती जाण्यावर बंधन घातलं आणि १९६७ च्या नियमांनी प्रवेश आणि वास्तव्यासाठी परवाना आणला. तिथे अनुसूचित जमात म्हणजे कुठली एक विशिष्ट जमात नव्हे, हेही लक्षात घ्या. जो स्वतः बेटांवर जन्मला आणि ज्याचे आईवडील दोघेही बेटांवर जन्मले, तो अनुसूचित जमातीचा. बहुतेक सगळे बेटकरी त्यात येतात.

२०२१ मध्ये प्रशासनाने एकापाठोपाठ एक मसुदे आणले. विकास प्राधिकरणाला जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार, वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करू शकणारा 'असामाजिक कृत्यांचा' मसुदा, दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर पंचायतीची निवडणूक बंद, गोमांसबंदी. किनाऱ्यावरची मच्छीमारांची शेडं पाडली गेली. ७ जून २०२१ ला बेटांवर लोकांनी आपापल्या घरात बारा तासांचं उपोषण केलं. त्यांना विकास नको होता म्हणून नाही. आपल्या जागेबद्दल आपल्याला कुणी विचारत नाही, हे त्यांना दिसलं म्हणून.

माझं म्हणणं एवढंच: बेटावर कोण यावं, कोण राहावं, कोण 'आपला' मानावा, हे ठरवण्यात बेटाचा शब्द शेवटचा असला पाहिजे. यावर बोला. पर्यटनाची पॅकेजेस इथे नकोत.

तिरकस

तत्त्वतः चूक. 'बेटाचा शब्द शेवटचा' मान्य केला की उद्या प्रत्येक तालुका हेच म्हणेल. कोकणात मुंबई-पुण्याच्या लोकांनी जमिनी घेतल्या म्हणून आपण रोज रडतो, पण कोकणात जायला परवाना लावा असं कुणी म्हटलं तर हसाल की नाही?

शिवाय जहाजं, डिझेल, वीज, शिक्षक, डॉक्टर, हेलिकॉप्टर, सगळं केंद्राच्या पैशाने. पैसा देशाचा आणि दार मात्र बंद, हे फार काळ चालत नाही.

दक्षिणायन

तुलनाच चुकते आहे, तिरकस. कोकणात जमीन गेली तर निदान शेजारच्या गावात जाता येतं. बित्रा बेटाची लोकसंख्या २०११ मध्ये २७१ होती. तिथे बाहेरचे तीनशे जण कायमचे राहायला आले तर बित्राचे लोक स्वतःच्या बेटावर अल्पसंख्य होतील.

आणि पैशाचं म्हणाल, तर प्रत्येक सीमावर्ती जिल्ह्यावर केंद्र खर्च करतं. लक्षद्वीपमुळे देशाला अरबी समुद्रात केवढं मोठं सागरी आर्थिक क्षेत्र मिळतं, तेही जमेच्या बाजूला मांडा.

बाराखडी

मूळ लेखातली एक गोष्ट खटकली. 'बेट' एकमुखाने बोलतं असं तुम्ही गृहीत धरता. ते कधीच तसं नव्हतं.

बेटांवर कोया, माल्मी आणि मेलाचेरी असे थर होते. कोयांकडे जमिनी आणि मोठी गलबतं, माल्मी ती हाकणारे, मेलाचेरी नारळावर चढणारे. मेलाचेरींनी छत्री वापरायची नाही, पायात काही घालायचं नाही, असे दंडक अगदी विसाव्या शतकातही होते. तेव्हा बेटाचाच शब्द शेवटचा होता की! १९६५ ची कूळ नियमावली आली तेव्हा कुठे कुळांना जमिनीत हक्काचा वाटा मिळू लागला. ती नियमावली कुणी आणली? बाहेरच्या सरकारने.

म्हणून 'आम्ही ठरवू' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारते, 'आम्ही' म्हणजे कोणत्या घरातले?

दर्यावर्दी

बाराखडीताईंशी पूर्ण सहमत, आणि त्यात मिनिकॉय बेटाची भर घालतो. जहाजावरच्या नोकरीत मिनिकॉयचे खलाशी सोबत होते. उत्तम माणसं. त्यांची भाषा महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचीच बहीण. बाकीच्या बेटांवर मल्याळमचा जसरी नावाचा प्रकार बोलतात. मिनिकॉय बाकी बेटांपासून लांब, मालदीवच्या उत्तर टोकाला जवळ. ट्यूना गळाने एकेक करून पकडायची त्यांची पद्धतही मालदीवसारखीच. आता सांगा, मिनिकॉयवाला 'लक्षद्वीपचा' कधीपासून झाला? १९५६ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाला तेव्हापासून? त्याआधी हीच बेटं मद्रास प्रांताच्या दोन जिल्ह्यांत वाटलेली होती. अमिनदिवी गट दक्षिण कानडाकडे, बाकी मलबारकडे.

२०२५ मध्ये शाळांतून अरबी आणि महल काढून हिंदी आणायचा आदेश निघाला. केरळ उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. महल गेली असती तर सगळ्यात मोठा घाव मिनिकॉयला बसला असता, राजधानी कवरत्तीला नव्हे. म्हणजे बेटाबेटांतही दुखणं एकसारखं नाही.

तिरकस

हेच तर मी म्हणतोय! 'स्थानिक ओळख' नावाची अखंड वस्तू नसतेच. मग तिच्या नावाने परवाने कशाला?

दर्यावर्दी

नाही हो, तुम्ही उलटा अर्थ काढलात. घरात भांडणं आहेत म्हणून घराला दार नको, असं कुणी म्हणतं का?

ऐनवेळी

मी कायद्याच्या बाजूने लिहिते, कारण जन्माच्या अटीवर कुणीच थांबलं नाही आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिला मुद्दा. बाळंतपणात गुंतागुंत झाली की बाईला कोचीला हलवतात. मूल कोचीच्या इस्पितळात जन्मलं, तर जुन्या व्याख्येनुसार ते बेटावर जन्मलेलं नाही! २००८ च्या दुरुस्तीने यावर तोड काढली: बेटकऱ्यांची मुख्य भूमीवर जन्मलेली मुलं पुढे बेटावर कायमची स्थायिक झाली, तर ती बेटावर जन्मल्याचं मानलं जाईल. म्हणजे सरकारनेही मान्य केलं की निव्वळ जन्मस्थान पुरत नाही, राहणंही मोजावं लागतं.

दुसरा मुद्दा जास्त टोकदार. बेटांवर मुस्लिम समाजात मातृवंशीय पद्धत आहे, जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारी. मूल आईच्या तरवाडाचं, म्हणजे आईकडून चालणाऱ्या एकत्र घराण्याचं. पारंपरिक रीतीत नवरा बायकोच्या घरी रात्री येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. तरवाडाच्या सामाईक मालमत्तेला 'शुक्रवारची' आणि स्वतः कमावलेलीला 'सोमवारची' मालमत्ता म्हणतात. शुक्रवारची आईकडून चालते, सोमवारची शरीयतप्रमाणे वाटली जाते.

आता बेटावरच्या मुलीने केरळातून आलेल्या शिक्षकाशी लग्न केलं. मूल तरवाडाच्या हिशेबात शंभर टक्के घरचं. शासकीय व्याख्येत मात्र 'आईवडील दोघेही' बेटावर जन्मलेले हवेत. घरात आपलं, अर्जावर परकं! ही व्याख्या बेटाच्या रीतीतून आलेली नाही, दिल्लीच्या कागदातून आली आहे. दक्षिणायन, तुम्ही तिला बेटाचं कवच म्हणता. कवच आहेच, पण त्याचं माप बेटाने घेतलेलं नाही.

दक्षिणायन

हा मुद्दा माझ्या लेखाला बळच देतो. व्याख्या बेटाने करायला हवी होती, ती बेटावर लादली गेली. ती बदलायची असेल तर बदलू दे, पण बदल तिथून येऊ दे.

बाराखडी

आणि तिथले कोया घराण्याचे पुढारी म्हणाले की शिक्षकाचं मूल परकंच, तर?

दक्षिणायन

तर तरवाडातल्या बायका त्यांना उत्तर देतील. घर त्यांच्या नावावर चालतं. महाराष्ट्रातल्या किती बायकांना हे म्हणता येईल?

बाराखडी

हे थोडं रोमँटिक झालं. घर बाईच्या नावाने चालतं, पण त्याचा कारभार पाहणारा कारणवर बहुधा मामा असतो. मातृवंश म्हणजे मातृसत्ता नव्हे. लोक हे दोन्ही सर्रास मिसळतात, इथेही तेच झालंय.

घाटमाथा

मला केरळबद्दल बोलायचंय. २०२१ मध्ये केरळ विधानसभेने लक्षद्वीपच्या बाजूने ठराव केला. हेतू चांगला असेलही, पण 'आमच्या लक्षद्वीपच्या बांधवांसाठी' या सुरात थोरल्या भावाची ऐट होती. शिक्षण, दवाखाना, न्यायालय, बाजार, सगळ्यासाठी बेटकऱ्याला कोची-कोझिकोड गाठावं लागतं. तरी तो स्वतःला केरळी म्हणवत नाही, तो 'द्वीपवाला'. एका बाजूला केंद्राने नेमलेला प्रशासक, दुसऱ्या बाजूला आपुलकीने गिळू पाहणारा शेजारी. गोव्याला महाराष्ट्रात विलीन करा म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांची आठवण झाली. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने काय सांगितलं, ते ठाऊक आहेच.

तिरकस

गोव्याचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. गोव्याने वेगळेपण राखलं आणि दारही उघडं ठेवलं.

घाटमाथा

आणि आज गोव्यातले लोक जमिनीबद्दल काय बोलतात, ते ऐकलंय का कधी?

ऐनवेळी

परवाना आणि पर्यटन यांची इथे सतत सरमिसळ होतेय. परवाना काढून पर्यटक आजही जातात. मर्यादा येते ती मुख्यतः जहाजांची, खोल्यांची आणि पाण्याची. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला, तो तिथल्याच लोकांची तहान भागवण्यासाठी. परवाना उद्या रद्द केला तरी विहिरीतलं पाणी वाढणार नाही. वाढेल ते फक्त जमिनीवरचं दडपण.

तिरकस

मग पाण्याच्या हिशेबाने संख्या ठरवा ना! दिवसाला अमुक पर्यटक, अमुक खोल्या. हा नियम माणसाचं मूळ न विचारता लागू होतो. माझा आक्षेप जन्मावरून कप्पे पाडण्याला आहे. पर्यावरणाचं कारण पुढे करून रक्ताचं कारण राखायचं, हे मला पटत नाही.

दर्यावर्दी

हा या धाग्यातला तुमचा सर्वात चांगला प्रतिसाद. पण पर्यटक आठवड्याने परत जातो. जमीन घेणारा जात नाही, आणि त्याला मतही असतं. जमिनीसाठी संख्येचा नियम कसा लावणार?

घाटमाथा

आता बित्राकडे या. जुलै २०२५ मध्ये संपूर्ण बित्रा बेट संरक्षणासाठी घेण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणामांचा अभ्यास करण्याची अधिसूचना निघाली. कारण दिलं मोक्याचं स्थान आणि राष्ट्रीय सुरक्षा. लोक सरळ म्हणाले, आम्ही हलणार नाही.

तिरकस

सुरक्षेसाठी जमीन घ्यावी लागते. मुंबईतही घेतली आहे, पुण्यातही.

घाटमाथा

मुंबईत घेतली तर माणूस ठाण्याला जातो आणि मुंबईकर राहतो. इथे सबंध बेटच घ्यायचं म्हणताय. भरपाई म्हणून चेत्लत किंवा किल्तान बेटावर घर दिलं, तर तिथली जमीन आधीच दुसऱ्या तरवाडांची. बित्राचा माणूस तिथे बेटकरी म्हणून पात्र ठरेल, त्याचा दाखला शाबूत राहील, आरक्षणही राहील. पण तिथल्या लोकांसाठी तो बाहेरून आलेलाच असेल. ज्या कायद्यावर आपण इतका वेळ भांडतोय, त्यात या माणसासाठी रकानाच नाही.

तिरकस

बित्रावर माझ्याकडे उत्तर नाही. परवान्यावर आहे आणि ते बदललेलं नाही.