खांद्याची समोरून काढलेली एकच फिल्म पुरेशी आहे का?

धागाकर्ता (अस्थिरोगतज्ज्ञ):
आकडी येणारे एक गृहस्थ गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. तीन आठवड्यांपूर्वी आकडीनंतर एका रुग्णालयात त्यांच्या खांद्याचा समोरून एकच एक्स-रे काढून, ‘मुका मार आहे’ असे सांगून, हात झोळीत घालून त्यांना घरी पाठवले होते. कोपर अंगाला टेकवून पंजा बाहेर वळवायला सांगितले, तर हात जागचा हलेना. जुनी फिल्म उजेडात धरली, तेव्हा दंडाच्या हाडाचे डोके, जे एरवी काठीच्या मुठीसारखे एका अंगाला फुगीर दिसते, विजेच्या दिव्यासारखे चहूबाजूंनी गोल दिसले. खांदा मागे निखळला होता. शंभरातले पंचाण्णवच्या आसपास खांदे पुढे निखळतात आणि त्यांचे डोके, ते ज्या खोलगट वाटीत बसते ती सोडून, खाली, आतल्या बाजूला उतरलेले समोरच्या फिल्मवरही कळते. मागे गेलेले डोके मात्र वाटीच्याच पातळीवर राहून फसवते. म्हणून दुसऱ्या कोनातून, शक्यतो काखेतून, फिल्म घेतल्याशिवाय ‘निखळलेला नाही’ असे लिहूच नये.

प्रतिसाद (क्ष-किरण तंत्रज्ञ):
नियम पटत नाही. काखेतल्या फिल्मसाठी हात अंगापासून दूर न्यावा लागतो. रात्री दोन वाजता, सोबत कोणी नसताना, विव्हळणाऱ्या माणसाचा हात मी कोणत्या जिवावर उचलायचा? शिवाय दुखऱ्या खांद्याचा माणूस हात पोटाशी धरतो आणि हाड आत वळले की चांगल्या खांद्याचे डोकेही तसेच गोल दिसते. तुमच्या रुग्णाचे निदान तुम्ही हात वळवून पाहिला तेव्हाच झाले. चुकली ती तपासणी, फिल्मची संख्या नव्हे.

धागाकर्ता:
तपासणी चुकली हे मान्य. पण हात उचलावा लागतोच असे नाही. झोळी न काढता रुग्णाला टेबलाच्या कडेला पाठमोरे उभे करून थोडे मागे रेलायला लावावे आणि किरण वरून खाली सोडावा. या व्हेल्पो पद्धतीत डोके वाटीच्या पुढे आहे की मागे, हे स्पष्ट दिसते. तेही जमले नाही तर पाठीच्या फऱ्याची बाजूने फिल्म घ्यावी. तिच्यात फऱ्याचा आकार इंग्रजी ‘वाय’सारखा दिसतो आणि डोके त्याच्या मध्यावर आहे का, ते पाहता येते.

प्रतिसाद (तंत्रज्ञ):
रेलण्याची पद्धत मी करून पाहीन. पण आमच्या हातात येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘एक्स-रे, उजवा खांदा’ एवढेच असते. खांदा मागे निखळतो तो बहुधा अशाच झटक्यांत; म्हणून आकडी आली होती किंवा विजेचा धक्का बसला होता, हे दोन शब्द डॉक्टरांनी लिहिले, तर दुसरी फिल्म मी न विचारता काढीन.