'दत्तक मूल' पन्नाशीचं असेल तर? (शब्द हवा आहे)

रानजाई
एका दिवाळी अंकासाठी अनुवाद चाललाय. कोरियात जन्मलेल्या आणि सात महिन्यांच्या असताना अमेरिकेत, मिनेसोटाला गेलेल्या एका बाईंच्या आठवणी. चार प्रकरणं आहेत, मुदत तोंडावर आलीय. बाई स्वतःला पानोपानी 'अ‍ॅडॉप्टी' म्हणवतात. मी आपलं सरळ 'दत्तक मूल' लिहीत गेले. संपादकांनी समासात लाल शाईनं लिहून पाठवलं : "मूल? मागच्याच पानावर यांचे गुडघे दुखतायत!"

खरंच आहे त्यांचं. पण 'दत्तक व्यक्ती' लिहावं तर तहसील कचेरीतला फॉर्म वाटतो. 'दत्तक कन्या' म्हटलं की ती कुणाची तरी असावी लागते, आणि कुणाची, हाच तर बाईंचा चार प्रकरणं चाललेला प्रश्न आहे. कोरियनमध्येही हीच अडचण होती म्हणे. 'इब्यांगा' म्हणजे दत्तक मूल, शेवटचा 'आ' मुलाचा. मोठ्या झालेल्या मंडळींनी आग्रह धरला की आम्हाला 'इब्यांगिन' म्हणा. 'इन' म्हणजे माणूस. त्यांचं एका अक्षरात भागलं. आपलं भागेल का?

बोरूबहाद्दर
मुळात 'मूल' चिकटवायची गरजच नाही. दत्त म्हणजे दिलेला, त्याला क लागला की झाला दत्तक. शब्दातच माणूस आहे. 'सयाजीराव बडोद्याच्या गादीला दत्तक' असं आपण म्हणतोच, तिथे कुणी त्यांचं वय विचारत नाही. बाईंसाठी बालक-बालिका याप्रमाणे 'दत्तिका' करा. निर्दोष शब्द आहे.

खडीसाखर
'दत्तिका' म्हणजे दत्तजयंतीला निघणारं मासिक वाटतं हो.

बोरूबहाद्दर
हसण्यावारी नेलं की मराठी अशीच मागे राहते. 'संगणक'लाही लोक हसले होते.

माजघर
रानजाई, नाम शोधूच नकोस, क्रियापद शोध. आपल्याकडे दत्तक देतात, घेतात आणि जातात. तिसरं फार सुरेख आहे. आमचे आजोबा चुलतघरी दत्तक गेलेले. दोन घरांत एक भिंत, परसात विहीर सामाईक. सकाळी पाणी शेंदायला जन्मदात्री आणि दत्तक आई एकाच वेळी यायच्या. आजोबा ज्या बाईच्या ओटीत गेले तिला 'आई' म्हणायचे आणि जिनं जन्म दिला तिला 'काकू'. ती गेली तेव्हा सुतक किती दिवसांचं धरायचं यावर भटजींशी तासभर वाद झाला. आजोबा ओसरीवर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. सगळे म्हणायचे, "दादा दत्तक गेलेले." ऐंशीव्या वर्षीसुद्धा.

तेव्हा 'मी दत्तक गेलेली' असं लिही.

तळेगावकर
रांजणगावच्या एका कोरियन कंपनीत दुभाष्याचं काम करतो, म्हणून थोडी भर घालतो.

माजघरताईंच्या आजोबांसारखी रीत कोरियातही होती. वंश चालावा, पितरांचं व्हावं म्हणून भाऊबंदांतला मुलगा घ्यायचा, तो 'यांगजा'. युद्धानंतर (१९५०-५३) जे झालं त्याचा या रिवाजाशी संबंध नाही. सुरुवात झाली अमेरिकी सैनिकांपासून झालेल्या मुलांनी. १९५५ मध्ये ओरेगॉनच्या हॅरी आणि बर्था होल्ट यांनी अमेरिकेत खास कायदा करवून घेतला आणि आठ कोरियन मुलं घरी नेली. पुढे युद्ध मागे पडलं, पण विमानं थांबली नाहीत. अविवाहित आया आणि गरीब घरं यांची मुलं जात राहिली. १९८५ या एका वर्षात ८८०० हून जास्त गेली. म्हणजे ऑलिंपिकच्या तयारीला लागलेल्या देशातून. एकूण आकडा दोन लाखांच्या आसपास सांगतात.

आता शब्दाचं. अमेरिकेचा व्हिसा 'अनाथ' म्हणून मिळायचा. त्यामुळे आईवडील जिवंत असलेल्या मुलांचीही 'गोआ होजोक' म्हणजे अनाथाची कुटुंबनोंद बनायची. समजा रेशनकार्ड आहे, कार्डावर एकच नाव आहे, ते सहा महिन्यांच्या बाळाचं, आणि कुटुंबप्रमुख म्हणूनही तेच बाळ. २००८ मध्ये ती होजोक पद्धतच मोडीत निघाली, पण हे कागद लोकांच्या हातात अजून आहेत.

माजघरताई, तुमचं क्रियापद गोड आहे, पण दत्तक 'जायला' कुणीतरी आधी 'द्यावं' लागतं. इथे कागद म्हणतो, देणारं कुणी नव्हतंच.

माजघर
हे मात्र खरं. आपल्या १९५६ च्या कायद्यातसुद्धा होम नसला तरी चालतो, पण मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं व्हावंच लागतं. एकानं उचलून दुसऱ्याच्या मांडीवर ठेवायचं.

शणै
'गोआ' म्हणजे अनाथ? आमच्या गोव्याला परस्पर पोरकं करून टाकलंत की.

खडीसाखर
म्हणूनच दर वीकेंडला सगळे तुम्हाला सांभाळायला येतात.

रानजाई
तळेगावकर, त्यासाठी मी 'कागदोपत्री अनाथ' लिहिलंय. चालेल?

तळेगावकर
चालेल काय, इंग्रजीपेक्षा बरं आहे. 'कागदोपत्री'मध्ये आपल्याकडे संशय आधीच भरलेला असतो. कागदोपत्री विहीर, कागदोपत्री शाळा, तसा कागदोपत्री अनाथ. तिथल्या सत्यशोधन आयोगानं २०२५ च्या मार्चमध्ये तेच सांगितलं, की नोंदी खोट्या केल्या गेल्या. पहिल्या निकालात ५६ जणांच्या मानवी हक्कांचं उल्लंघन झाल्याचं मान्य केलं.

उंबरठा
इथे सहसा लिहीत नाही, नुसतं वाचते. मी स्वतः दत्तक आहे. पुण्यातल्या एका संस्थेतून आले, पुण्यातच वाढले. माझ्या वेळची काही मुलं स्वीडनला, हॉलंडला गेली.

दोन विनंत्या. 'टाकलेलं मूल' हे शब्द अनुवादात टाळता आले तर टाळा. आणि 'खरी आई' तर अजिबात नको. मला आयुष्यभर लोकांनी विचारलंय, "खऱ्या आईला शोधलंस का?" घरी जिनं माझ्या गोवरात रात्री काढल्या ती काय मग नाटकातली? 'जन्मदात्री' ठीक आहे, जरा छापील वाटतं, पण लागत नाही. आमची आजी 'पोटची' म्हणायची. तेही लागायचं, पण आजी होती.

रानजाई
बरं झालं लिहिलंत. 'खरी आई' दोन ठिकाणी आहे माझ्या खर्ड्यात, आजच काढते. बाई एक कोरियन शब्द मात्र तसाच ठेवतात, 'चिन-ऑम्मा'. त्याचं काय करू?

तळेगावकर
'चिन' म्हणजे जवळचा, रक्ताचा. भावाला लावला की सख्खा भाऊ. तेव्हा 'सख्खी आई'. आणि गंमत म्हणजे मित्राला कोरियनमध्ये 'चिनगु' म्हणतात, त्यातला 'चिन' हाच. आपलं सखा आणि सख्खा!

बोरूबहाद्दर
ऐकायला गोड, पण गोडव्यावर व्युत्पत्ती ठरत नसते. 'सख्खा' मला तरी 'स्वक'कडून आलेला वाटतो, स्वतःचा या अर्थी. त्यात मैत्री कुठून आली?

तळेगावकर
मी व्युत्पत्ती नाही, योगायोग सांगितला.

बोरूबहाद्दर
योगायोगच पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर व्युत्पत्ती होऊन फिरतात.

उंबरठा
मला 'सख्खी' सुद्धा चालणार नाही. माझी आई मला सख्खीच आहे.

रानजाई
मग 'चिन-ऑम्मा' तसंच ठेवते आणि पहिल्यांदा येतं तिथे वाक्यातच अर्थ उलगडते. आणखी एक अडलंय. तिसऱ्या प्रकरणात बाईंना सोलमध्ये एक आजी भेटते. ती युद्धात उत्तरेकडून पळून बुसानला आलेली, भाऊ वाटेत हरवलेला. १९८३ मध्ये तिथल्या केबीएस वाहिनीनं हरवलेल्या नातेवाइकांना भेटवणारा कार्यक्रम सुरू केला. थोडा वेळ चालायचा होता, तो १३८ दिवस चालला. लोक गळ्यात पुठ्ठे अडकवून स्टुडिओबाहेर उभे. नाव, गाव, बापाचं नाव, कुठे हात सुटला. या कुटुंबांना कोरियनमध्ये 'इसान गाजोक' म्हणतात. मी 'विभक्त कुटुंबं' लिहिलं होतं.

माजघर
अगं बाई! विभक्त कुटुंब म्हणजे सासूशी न पटून फ्लॅट घेतलेलं.

खडीसाखर
१३८ दिवस सासवा पुठ्ठे घेऊन उभ्या.

फौजीकाका
'ताटातूट झालेली कुटुंबं' लिहा. नाहीतर 'परागंदा'. मूळ फारसी, अर्थच विखुरलेला. तुमचा 'इसान' तोच.

माजघर
काका, अर्थ तोच असेल, पण आमच्याकडे परागंदा होतो तो सावकाराला चुकवून. ताटातूट उत्तम. 'निर्वासित'सुद्धा नको, डोळ्यासमोर उल्हासनगरच्या छावण्या येतात.

फौजीकाका
कोरियाचा विषय निघालाय तर सांगतो. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून जास्त युद्धकैद्यांना सांभाळायला १९५३ मध्ये आपलं सैन्य गेलं होतं. त्याचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. त्यांतल्या ८८ जणांनी ना उत्तर निवडली ना दक्षिण, ते आपल्या लोकांबरोबर भारतात आले. तेव्हाचा शब्द होता 'मायदेशी पाठवणी'.

तळेगावकर
काका, हाच शब्द मला टोचतो. लहानपणी अमेरिकेत नेलेल्या काही कोरियन मुलांचं नागरिकत्व घरच्यांनी कधी पक्कंच केलं नाही. २००० च्या कायद्यानं आपोआप दिलं, पण तेव्हा अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना नाही. त्यांतल्या काहींना गुन्ह्यांवरून चाळिशीत कोरियाला धाडलं. भाषेचा एक शब्द येत नाही. ही काय मायदेशी पाठवणी?

खडीसाखर
पाठवणी लग्नात करतात. तीही रडूनच.

फौजीकाका
शब्द चुकीचा नाही, माणसं चुकीची पाठवली.

बोरूबहाद्दर
'हद्दपारी' असा स्वच्छ शब्द असताना हा वाद कशाला?

रानजाई
मंडळी, माझं मूळ वाक्य तसंच राहिलंय. 'मी ___ आहे.' एवढंच. शेवटी माजघरताईंचं 'दत्तक गेलेली' घालून संपादकांना पाठवलं. आत्ता उत्तर आलं : "कुठे गेलेली?"

उंबरठा
मी नुसतं 'मी दत्तक आहे' म्हणते. पुढे कुणी काही विचारलं तर चहा ठेवायला उठते.

बोरूबहाद्दर
म्हणजे माझंच पहिलं उत्तर. 'सख्खा'साठी वेगळा धागा काढतोय, इथे आता भेसळ फार झाली.

शणै
गोव्याचं काय ठरलं?