‘अंबर’, ‘वुडी’, ‘फुजेर’ : सुगंधांच्या ‘फॅमिली’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी परफ्यूम घ्यायला गेलो असता विक्रेत्याने पहिलाच प्रश्न केला, ‘फ्लोरल, वुडी, अंबर की फ्रेश?’ वडील आयुष्यभर कानात हिन्याचा फाया ठेवत आले आहेत. तो वास यांपैकी कशात मोडतो, हे मला सांगता आले नाही. ‘अंबर’ हे नाव भारदस्त वाटले म्हणून तीच बाटली आणली, तर वडिलांनी हुंगून ‘शिरा कुणी केलाय?’ एवढेच विचारले. या वर्गांना ‘सुगंधांची घराणी’ म्हणावे का, आणि एकेका वर्गाला मराठीत नेमके काय नाव द्यावे?

प्रतिसाद १

‘घराणे’ म्हटले की गुरू, शिष्य आणि तालीम डोळ्यांसमोर येते, आणि इथे तसे काही नाही. वनस्पतिशास्त्रात ‘कुळ’ रुळलेलेच आहे. त्यामुळे ‘गंधकुळ’ मला अधिक योग्य वाटते. ‘सुगंध’पेक्षा ‘गंध’ बरा, कारण काही कुळांतले वास सुटे हुंगले तर उग्रच असतात. ‘परिमळ’ हाही जुना आणि देखणा पर्याय आहे : फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) ‘परिमळांमाजि कस्तुरी’ असा प्रयोग आहे, म्हणजे तिथे परिमळ ही मोजता येणारी, एकाहून अनेक असणारी गोष्ट आहे. मात्र दुकानात उभे राहून ‘कोणता परिमळ?’ असे आज कोणी विचारणार नाही.

प्रतिसाद २

खरी अडचण ‘अंबर’ या शब्दात आहे. आपले संस्कृत ‘अंबर’ म्हणजे आकाश किंवा वस्त्र. त्याचा इथे संबंध नाही. अरबी ‘अंबर’ हा स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ, जो कोकण किनाऱ्यावरील तस्करीच्या बातम्यांत ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणून येतो. परफ्यूमच्या खोक्यावरचे अंबर हे या दोन्हींपैकी काहीच नव्हे : लॅब्डनम ही राळ, व्हॅनिला आणि बेंझोइन अशांच्या मिश्रणातून साधलेला तो उबदार, गोडसर वास असतो. बेंझोइन म्हणजे आपण तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतो तो ऊद, आणि त्यालाही व्हॅनिलासारखा गोडवा असतो. आपल्या वडिलांना शिरा आठवला तो उगीच नव्हे. या कुळाला ‘ऊदगंधी’ म्हणण्याचा मोह होतो, पण अरबस्तानातून आलेल्या बाटल्यांवरचा ‘ऊद’ म्हणजे अगरू, जो वृक्षाच्या खोडात तयार होतो. हा घोटाळा टाळायचा तर ‘धूपगंधी’ म्हणावे.

‘वुडी’ला ‘काष्ठगंधी’ चालेल, फक्त त्यात वाळाही येतो आणि वाळा हे लाकूड नसून गवताचे मूळ आहे, हे ध्यानात ठेवावे. (हिंदीच्या प्रभावाने वाळ्याला ‘खस’ म्हणणारे आणि मग त्याचा खसखशीशी संबंध जोडणारे अनेक भेटतात!) हिना अत्तराची बैठक चंदनतेलाची असते आणि वर मसाले व वनौषधी असतात, म्हणून तो काष्ठगंधी, पण मसाल्याकडे झुकणारा.

प्रतिसाद ३

‘फुजेर’चे मात्र भाषांतर करू नये. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नेचा (फर्न). पण हे नाव हूबिगां या फ्रेंच परफ्यूम कंपनीच्या १८८२ च्या ‘फुजेर रोयाल’ या परफ्यूमवरून पडले, आणि त्यात लॅव्हेंडर, ओकमॉस (ओक वृक्षावर वाढणारे, दगडफुलासारखे शैवाक) व कूमारिन आहे. कूमारिनचा वास कापून वाळत घातलेल्या गवताचा असतो. नेचाला सांगण्यासारखा वासच नाही. ‘नेचागंधी’ म्हटले तर कोणाला काय कळणार? ‘शिप्र’ हे आणखी एक कुळ : ते फ्रेंचमधले सायप्रसचे नाव, तेही तसेच ठेवावे. ‘फ्रेश’ला ‘ताजा’ नको, कारण मराठीत ताजा वास मासळीचा किंवा पावाचा. लिंबूवर्गीय वासांना ‘आंबटसर’ पुरे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. काल त्याच दुकानात ‘वाळा किंवा चंदन तळाशी असलेले काही दाखवा’ असे म्हटल्यावर विक्रेत्याने तीनच बाटल्या पुढे केल्या. मनगटावर लावलेल्या एकीचा लिंबासारखा पहिला वास रिक्षात बसेपर्यंत उडून गेला, आणि अर्ध्या तासाने वडिलांनी माझा हात नाकाजवळ नेऊन विचारले, ‘माठात वाळ्याची जुडी टाकलीस का?’ आता त्यांनी ती बाटली आपल्या कपाटात ठेवली आहे.