न्यायमंत्री, पंतप्रधान, न्यायाधीश: हे मिलान चिच नक्की कोण?

नित्रातला_पुणेकर
मी वर्षभरापूर्वी पुण्याहून स्लोव्हाकियातल्या नित्राला आलो, जग्वार लँड रोव्हरच्या कारखान्यात. घरमालक सत्तरीचे. काल स्लिवोवित्सा ओतता ओतता राजकारणावर घसरले आणि ‘चिच’ हे नाव तीनदा आलं: एकदा प्राध्यापक, एकदा पंतप्रधान, एकदा न्यायाधीश. मला वाटलं तीन भाऊ असतील. एकच माणूस निघाला! पंतप्रधान कुठला, चेकोस्लोव्हाकियाचा? आणि कम्युनिस्टांच्या मंत्र्याला नव्या देशाने घटना न्यायालयावर कसं बसवलं? त्यांचं इंग्रजी आणि माझं स्लोव्हाक, दोन्ही तिथेच संपलं.

दुनायकाठची
तीन भाऊ! सासऱ्यांना सांगायला हवं होतं, ते आता नाहीत. मी १९९५ च्या शेवटी लग्न होऊन ब्रातिस्लाव्हाला आले. सासरे वकील, त्यामुळे हे नाव आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठासारखं रोजचं.

चिच ओरावा भागातल्या झाकामेन्ने गावचे, जन्म १९३२. कोमेन्स्की विद्यापीठात फौजदारी कायदा शिकवायचे. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद, आणि १९८८ पासून स्लोव्हाक सरकारात न्यायमंत्री. नोव्हेंबर १९८९ मध्ये यान चार्नोगुर्स्की हे विरोधी गोटातले वकील कोठडीत होते. कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि महिनाभरात चक्र असं फिरलं की चार्नोगुर्स्की सुटून थेट चेकोस्लोव्हाक संघराज्याचे उपपंतप्रधान झाले, आणि ते आत असताना न्यायखातं ज्यांच्याकडे होतं ते चिच १२ डिसेंबरला स्लोव्हाकियाचे पंतप्रधान. फक्त स्लोव्हाकियाचे हं. चेकांचं वेगळं सरकार, स्लोव्हाकांचं वेगळं, आणि वर संघराज्याचं तिसरं. तिथे पंतप्रधान मारियान चाल्फा होते.

त्यांनाच का? सासऱ्यांचं म्हणणं, निवडणुकीपर्यंत सहा महिने गाडा ओढायचा होता आणि फायली कुठे ठेवल्यात हे माहीत असलेला माणूस हवा होता. चिच यांच्या मंत्रिमंडळात गृहखातं मिळालं व्लादिमिर मेचियार यांना, तोवर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. जून १९९० च्या निवडणुकीनंतर चिच यांची खुर्चीही त्यांनाच मिळाली. चिच पुढे मेचियारांच्याच पक्षात गेले, आणि १९९३ मध्ये देश वेगळा झाल्यावर कोशित्सेच्या घटना न्यायालयाचे पहिले अध्यक्ष झाले.

खुर्चीपटू
म्हणजे आपल्याकडचेच आयाराम-गयाराम, फक्त काळा झगा घालून. असा माणूस मेचियारविरुद्ध काय निकाल देणार?

दुनायकाठची
@खुर्चीपटू, मीही हेच म्हणायचे. पण गाउलिडेर प्रकरण बघा.

फ्रांतिशेक गाउलिडेर हे तेव्हा सत्तेत असलेल्या मेचियारांच्या पक्षाचे खासदार. १९९६ मध्ये त्यांनी पक्ष सोडला, आणि लगेच त्यांच्या सहीचं खासदारकी सोडल्याचं पत्र संसदेत हजर! ते सांगत होते, हे मी पाठवलेलं नाही, मला खासदार राहायचंय. पक्ष उमेदवारांकडून आधीच तारखेविना सह्या घेऊन ठेवायचा. तरी ४ डिसेंबरला बहुमताने त्यांची खासदारकी काढली. दोन दिवसांनी गालांता इथल्या त्यांच्या घराशी स्फोट झाला, घरचे आत असताना. त्या रात्री सासऱ्यांनी रेडिओ बंद केला आणि कुणाशी बोलले नाहीत.

जुलै १९९७ मध्ये चिच यांच्या न्यायालयाने सांगितलं, संसदेने गाउलिडेरांचा घटनात्मक हक्क मोडला. संसद ढिम्म. तेव्हाच्या घटनेप्रमाणे न्यायालय भंग झाला एवढंच म्हणू शकायचं, तो ठराव रद्द करण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो पुढे २००१ च्या घटनादुरुस्तीने आला. त्याच दुरुस्तीने न्यायाधीश दहाचे तेरा झाले आणि सात वर्षांची मुदत बारा झाली. पुन्हा नेमणूक नाही, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. सात वर्षांनी पुन्हा त्याच संसदेकडे बघायचं असेल तर मान ताठ राहील का?

चिच यांना मी संत म्हणत नाही. २००० मध्ये मुदत संपली. २००४ मध्ये इवान गाश्पारोविच राष्ट्राध्यक्ष झाले, तेही फौजदारी कायद्याचेच प्राध्यापक, चिच यांचे विद्यापीठातले सहकारी. त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख झाले चिच. आणि गाउलिडेरांची खासदारकी काढली तेव्हा संसदेचे अध्यक्ष कोण होते? गाश्पारोविचच. सासरे म्हणायचे, चोपन्न लाखांच्या देशात माणसं पुरवून पुरवून वापरावी लागतात.

खुर्चीपटू
बरं, अर्धा शब्द मागे घेतो.

नित्रातला_पुणेकर
ताई, खूप आभार. भाषांतर करून घरमालकांना वाचून दाखवलं. गाश्पारोविच ऐकून हसले, गाउलिडेर ऐकून गप्प झाले. मग मे १९९७ चं सार्वमत निघालं. नाटोबद्दल तीन प्रश्न होते, आणि राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा का हा चौथा. गृहमंत्र्यांनी मतपत्रिका पाठवल्या त्यात चौथा नव्हताच. घरमालक रांगेतून पुढे गेले, कागद पाहिला, उलटा करून पाठीमागे काही आहे का तेही पाहिलं, आणि टोपी घालून घरी परतले.