मदत हवी आहे: ऑटो हाय बीमसाठी वरचं मॉडेल घ्यावं का?

नमस्कार मंडळी. नवीन गाडी बघतोय. मधल्या मॉडेलमध्ये बाकी सगळं आहे, पण ऑटो हाय बीम हवा तर वरचंच घ्यावं लागतं.

आमचं रात्रीचं फिरणं म्हणजे अक्कलकोट, मंगळवेढा, कधी विजयपूर. आरशामागचा कॅमेरा समोरच्या गाडीचे दिवे किंवा पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे बघून आपोआप फुल लाइट (अप्पर) उतरवून डिपर, म्हणजे खालचा लाइट, करतो, एवढं कळलं. माझी शंका वेगळीच आहे. ज्याला दिवाच नाही त्याचं काय? ऊस सुरू झाला की एकामागे एक दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टरसुद्धा नाही. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारी माणसं असतात, त्यांच्या डोळ्यांवर फुल लाइट तसाच राहतो का? आणि डिव्हायडरच्या झाडांआडून ट्रक आला, तर त्याचे दिवे कॅमेऱ्याला वेळेवर दिसतात का?

शोरूमवाले म्हणाले, "एकदम भारी फीचर आहे सर." टेस्ट ड्राइव्ह मात्र भर दुपारी दिली!

आपल्या भागात रात्री वापरणाऱ्यांनी खरं सांगा. चालू ठेवता की बंद करून हातानेच अप्पर-डिपर करता? काचेवर धूळ-चिलटं बसल्यावर गोंधळतो का? घरचे म्हणतात त्या पैशात चांगले टायर आणि डॅशकॅम येईल. मलाही निम्मं तसंच वाटतंय.